कॅथलिक देशात कॅथलिक नसणं: आयर्लंडच्या शाळेतला तो अर्धा तास

पाऊसवेडी (धागाकर्ती)

लेक यंदा सेकंड क्लासला आहे. आयर्लंडमध्ये राहणाऱ्यांना एवढं सांगितलं की पुढचं कळतं. बाकीच्यांसाठी लिहिते: दुसरीचं वर्ष म्हणजे फर्स्ट होली कम्युनियनचं वर्ष, म्हणजे कॅथलिक मुलांनी चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा विधी. मे महिन्यातल्या एका शनिवारी वर्गातल्या मुली पांढरेशुभ्र झगे आणि डोक्यावर जाळीचा पदर घेऊन, मुलगे सुटाबुटात, असे सगळे चर्चमध्ये जातात. दुपारपासून घरोघरी परसात बाउन्सी कॅसल. लग्नघरच जणू. आणि याची तयारी सप्टेंबरपासून वर्गात, शाळेच्या वेळात, सरकारी पगारावरच्या बाई करून घेतात. गाणी, प्रार्थना, पापाची कबुली कशी द्यायची त्याची तालीम, सगळं.

रोज अर्धा तास धर्माचा. त्या वेळात माझी मुलगी मागच्या बाकावर रंगाची वही घेऊन बसते. बाई प्रेमळ आहेत, कुणी वावगं बोललेलं नाही. पण परवा आंघोळ करताना ती 'हेल मेरी' ही मेरीमातेची प्रार्थना अथपासून इतिपर्यंत म्हणत होती. मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच. वाटलं ते तिच्या पुढच्या प्रश्नाचं: "आई, मला येतं सगळं, मग मला का नाही घेत?"

थोडी पार्श्वभूमी. इथल्या दहातल्या जवळपास नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत. पेट्रन, म्हणजे शाळेचे आश्रयदाते, त्या भागाचे बिशप. शिक्षकांचे पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकारचा, पण शाळेचा सातबारा बहुतेक ठिकाणी चर्चच्या नावावर. २०२२ च्या जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणवणारे ६९ टक्के निघाले, २०१६ मध्ये ते ७९ होते. 'धर्म नाही' म्हणणारे सात लाखांच्या वर. मुस्लिम साधारण ८२ हजार, आपण हिंदू ३३ हजार. लोक बदलले, शाळा तिथेच आहेत. माझं मत विचाराल तर इथे धर्म चर्चमध्ये फारसा उरलेला नाही. तो शाळेच्या वेळापत्रकात आणि जमिनीच्या कागदांत उरलाय.

घटनेच्या ४४ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला न बसण्याचा हक्क आहे. त्या वेळात मूल कुठे बसेल हे मात्र घटना सांगत नाही, आणि शाळेकडे वेगळी खोलीही नसते, माणूसही नसतो.

तुमच्या मुलांच्या वेळी काय केलंत? आयर्लंडबाहेरच्यांनीही लिहा.

निवांत_नाशिककर

वाचतोय. चांगला विषय. आमच्या पोराला अजून तीन वर्षं आहेत.

वसईचा_गाववाला

पाऊसवेडी ताई, मी उलट्या बाजूने लिहितो. आम्ही वसईचे, पिढ्यान् पिढ्या कॅथलिक, घरात सामवेदी बोली आणि देवळात मराठी मिस्सा (चर्चमधली उपासना). महाराष्ट्रात नाव सांगितलं की "अरे, पण तुम्ही मराठी कसं काय बोलता?" हे ऐकतच मोठा झालो. फादर दिब्रिटो धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काय काय बोललं गेलं ते या संस्थळावरच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. तर आयुष्यात पहिल्यांदा बहुसंख्य व्हायचा योग मला लिमरिकला आला!

आणि झालं काय? रविवारी मिस्साला गेलो तर पुढच्या चार बाकांवर आजी-आजोबा, मागे केरळच्या नर्सेस, पोलिश कुटुंबं, नायजेरियन कुटुंबं. धर्मगुरूसुद्धा केरळचे. ज्या आयरिश लोकांनी जगभर मिशनरी पाठवले त्यांना आता आपण पुरवतोय.

आमच्याकडे प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी रविवारी मिस्सा झाल्यावर धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) होते. शिकवणारे गावातलेच, बिनपगारी. शाळेचा काही संबंध नाही. इथे शाळेत का? कारण रविवारी ठेवलं तर कुणी येणार नाही हे बिशपलाही माहीत आहे. माझ्या मुलाच्या वर्गातल्या निम्म्या पालकांनी मला विचारलं होतं की उभं कधी राहायचं आणि गुडघे कधी टेकायचे. मीच त्यांना खुणा करत होतो. मी श्रद्धाळू माणूस आहे, मला तरी वाटतं ही तयारी शाळेतून काढून चर्चकडे द्यावी. जे येतील ते मनापासून येतील.

खडूस_आजोबा

मला यात तक्रार काय तेच कळलं नाही. आम्ही पुण्यात मिशनच्या शाळेत शिकलो. रोज सकाळी 'आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायचो, नाताळात गव्हाणीच्या नाटकात मेंढपाळ व्हायचो आणि घरी येऊन संध्याकाळी रामरक्षा. आमचं काही बिघडलं नाही. परक्या देशात गेलात तर जुळवून घ्या. नाहीतर परत या, इथे शाळांना तोटा नाही.

पाऊसवेडी

आजोबा, मीही कॉन्व्हेंटचीच. पण तुमच्या वडिलांनी ती शाळा निवडली होती. पलीकडच्या गल्लीत नूतन होती, झेडपी होती, नगरपालिकेची होती. शिवाय ती शाळा अल्पसंख्याकांची, तुम्ही बहुसंख्य. बाहेर पडलात की सगळं गाव तुमचं. माझ्या गावात तीन प्राथमिक शाळा आहेत, तिन्ही कॅथलिक: एक मुलींची, एक मुलग्यांची, एक मिश्र. यातली निवड ही निवड नव्हे.

आणि आपल्या घटनेचं २८ वं कलम बघा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण नाहीच. अनुदानित शाळेत द्यायचं तर पालकांची संमती आधी घ्यायची. इथे उलटं: तास ठरलेलाच, नको असेल तर तुम्ही जाऊन सांगा.

दस्तऐवज

गंमत म्हणजे आपली मार्गदर्शक तत्त्वं घटनाकारांनी याच आयरिश घटनेवरून घेतली. २८ वं कलम मात्र आपल्या वाटेनं गेलं.

इतिहास थोडा सविस्तर लिहितो, कारण त्याशिवाय हे प्रकरण नीट कळत नाही. आयर्लंडचे कॅथलिक हे शेकडो वर्षं बहुसंख्य असूनही दाबलेले लोक होते. १६९५ पासून आलेल्या पीनल कायद्यांनी त्यांना शाळा चालवायला बंदी, जमीन विकत घ्यायला बंदी. मास्तर कुंपणाच्या आडोशाला मुलं जमवून शिकवायचे. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये बसायची मोकळीक १८२९ मध्ये मिळाली. १८३१ मध्ये सरकारने राष्ट्रीय शाळा काढल्या त्या कागदावर सर्वधर्मीय होत्या. मुलांनी एकत्र शिकावं, धर्माचा तास तेवढा वेगळा. पण कॅथलिक, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, सगळ्यांनीच आपापल्या बाजूला ओढलं आणि काही दशकांत त्या धर्मवार झाल्या. म्हणजे शाळा हातात असणं हे तिथल्या चर्चसाठी स्वातंत्र्यलढ्याइतकं जिव्हाळ्याचं होतं. ते सहज सुटणारं नाही.

मग १९२२ नंतर राज्य त्यांचं आलं आणि सासूने छळलेली सून सासू झाली. १९३७ च्या घटनेत कॅथलिक चर्चला 'विशेष स्थान' दिलं. त्याच कलमात चर्च ऑफ आयर्लंड, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, क्वेकर आणि ज्यू यांचीही नावं घेऊन मान्यता दिली होती. त्या काळच्या युरोपात ज्यूंना घटनेत नावानिशी मान्यता ही छोटी गोष्ट नव्हे. ते विशेष स्थान १९७२ मध्ये जनमताने काढलं.

पण अल्पसंख्याकांची खरी कोंडी कायद्याने केली नाही, लग्नाने केली. 'ने तेमेरे' हा पोपचा हुकूम १९०८ पासून लागू झाला. मिश्र लग्न करायचं तर मुलं कॅथलिक वाढवू असं लिहून द्यायचं. १९११ मध्ये आताच्या आयर्लंड प्रजासत्ताकातल्या २६ काउंटींत प्रोटेस्टंट दहा टक्के होते, १९९१ पर्यंत तीन टक्क्यांवर आले. पहिलं महायुद्ध, ब्रिटिश फौज निघून जाणं, स्थलांतर ही कारणं आहेतच, पण हेही मोठं.

याचं टोक म्हणजे १९५७ चं फेदर्ड-ऑन-सी, वेक्सफर्ड काउंटीतलं गाव. नवरा कॅथलिक शेतकरी, बायको प्रोटेस्टंट. थोरली मुलगी शाळेच्या वयाची झाली तेव्हा धर्मगुरूंनी बजावलं की ती कॅथलिक शाळेतच जाणार. आई दोन्ही मुलींना घेऊन गाव सोडून गेली. गावातल्या प्रोटेस्टंटांनीच तिला मदत केली असा संशय घेऊन कॅथलिकांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून सामान घेईनात, संगीत शिकवणाऱ्या बाईंचे विद्यार्थी सुटले. पंतप्रधान डी व्हॅलेरा स्वतः कट्टर कॅथलिक, त्यांनी संसदेत याचा निषेध केला. पुढे नवरा-बायको एकत्र आले, गावात परतले, आणि मुली दोन्हीपैकी कुठल्याच शाळेत गेल्या नाहीत. घरीच शिकल्या. चर्चच्या वतीने बिशपनी माफी मागितली ती १९९८ मध्ये.

गाववाले, तुमच्या लिमरिकचंही आहे. १९०४ मध्ये तिथल्या एका धर्मगुरूने प्रवचनातून ज्यू फेरीवाल्यांविरुद्ध आग ओकली आणि बहिष्कार सुरू झाला. बरीच कुटुंबं शहर सोडून गेली. दुसरी बाजूही सांगतो: १९५६ मध्ये डब्लिनचा लॉर्ड मेयर ज्यू होता. मात्र समाज आटत गेला, कॉर्कचं सिनगॉग २०१६ मध्ये बंद झालं.

निवांत_नाशिककर

बाब्बौ! दस्तऐवज, याचा वेगळा धागा काढा राव.

खडूफळा

मी इथे प्राथमिक शाळेत शिकवते. मूळची सांगलीची, हिंदू. आणि कम्युनियनची तालीम मीच घेते. 😀

कॅथलिक शाळेत नोकरी हवी तर धर्मशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, तेही मी केलंय. पुस्तकाचं नाव 'ग्रो इन लव्ह'. देवाची कमी आणि माणसांशी नीट वागण्याची भाषा जास्त. मला शिकवायला काही जड जात नाही. तालमीला मंत्र न केलेल्या चकत्या वापरतो. डावा तळहात वर, उजवा खाली, मग उजव्या हाताने उचलून तोंडात. माझा हात सवयीने तीर्थ घेतल्यासारखा उजवाच पुढे जातो आणि पहिल्या बाकावरच्या मुली हसतात.

एक मात्र बाई म्हणून सांगते. मागे बसलेल्या मुलांकडे त्या अर्ध्या तासात बघायला मला खरंच वेळ नसतो. तीस मुलं, त्यातली पंचवीस-सव्वीस तालमीत. उरलेल्यांत एक नायजेरियन पेंटेकोस्टल, एक पाकिस्तानी, दोन आयरिश नास्तिकांची. पालकांना वाटतं आपलंच मूल एकटं पडलंय. पाऊसवेडी, शाळेला विचारा की मागे आणखी कोण कोण बसतं. त्या मुलांना एक गटाचं काम द्या म्हणावं, चित्रांचं, वाचनाचं, काहीही. एकटं बसणं आणि चौघांनी बसणं यात फार फरक पडतो. आमच्याकडे हे एका आईने सुचवल्यावर झालं. त्याआधी आम्हा शिक्षकांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

रत्नांग्री_ते_मेयो

आमचं बॅलीहॉनिस. मेयो काउंटीतलं एवढंसं गाव, पण मुद्दाम मशीद म्हणून बांधलेली देशातली पहिली इमारत इथली, १९८७ ची. हलाल मटणाच्या कारखान्यामुळे लोक आले आणि राहिले. डब्लिनवाले क्लॉन्स्कीच्या मोठ्या मशिदीचं कौतुक सांगतात, ती त्यानंतरची.

माझा अनुभव जरा निराळा आहे. मुलगी नन्सनी काढलेल्या माध्यमिक शाळेत होती. रमझानात तिला जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात बसायची मुभा द्या म्हणून सांगायला गेलो, तर म्हाताऱ्या सिस्टर म्हणाल्या, आमच्या लहानपणी आम्हीही लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) कडक उपास करायचो, आताच्या पोरांना ते समजणार नाही. पुढचं काही बोलावंच लागलं नाही. देव मानणाऱ्या माणसाला उपास समजावून सांगावा लागत नाही. पूर्ण निधर्मी ऑफिसात मला तो दरवर्षी नव्याने समजावावा लागतो, "पाणीसुद्धा नाही?" पासून.

त्यामुळे शाळांमधून धर्म पूर्ण जावा असं मला वाटत नाही. २०२० मध्ये करोनात ईदची नमाज डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर झाली. क्रोक पार्क म्हणजे आयरिश लोकांसाठी केवढी जागा आहे ते इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. आर्चबिशप आणि ज्यू प्रतिनिधी पण आले होते. असा देश मला चालतो.

पाऊसवेडी

रत्नांग्री, हे पटलं. टीव्हीवर रोज संध्याकाळी सहाला अँजेलसची, म्हणजे कॅथलिक प्रार्थनेची, घंटा वाजते, अठरा ठोके. सासूबाई इथे असतात तेव्हा त्या घंटेवरच देवापुढे दिवा लावतात. उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड, तिन्हीसांज कधी झाली कळायचं कसं? सरकारी वाहिनीवर एका धर्माची घंटा कशाला असा वाद इथे अधूनमधून होतो. आमच्या घरातलं मत घंटेच्या बाजूने पडेल.

बेळगावची_चिमणी

सगळं गोड चाललंय, म्हणून लिहावं की नको असं झालं. पण हा विषय सविता हलप्पनवरशिवाय पुरा होत नाही. आमच्या बेळगावची मुलगी, दंतवैद्य, गॉलवेला राहत होती. ऑक्टोबर २०१२. सतरा आठवड्यांचं पोट, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं. गर्भपात करा म्हणून तिने आणि नवऱ्याने विनवलं. ठोके चालू आहेत तोवर कायद्याने करता येत नाही हे उत्तर. २८ तारखेला जंतुसंसर्गाने गेली. वय ३१.

चौकशीत एका सुईणीने कबूल केलं की हा कॅथलिक देश आहे असं ती बोलली होती. दुखवायला नाही, म्हणे. सविता हिंदू धर्माबद्दल, भारताबद्दल काही बोलली, त्यावर इथे असं का आहे ते समजावायला. मला ते जास्त लागतं. कुणी द्वेषाने बोललं असतं तर भांडता आलं असतं. इथे एका बाईने दुसऱ्या बाईला पाऊस पडतोय सांगावं तसं सांगितलं.

२५ मे २०१८ च्या जनमतात गर्भपात अडवणारी आठवी घटनादुरुस्ती रद्द झाली, ६६ टक्क्यांनी. मतदानाच्या दिवसांत डब्लिनमधल्या तिच्या भित्तिचित्रावर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यांत 'सॉरी' हा शब्द कितीतरी चिठ्ठ्यांवर होता.

वसईचा_गाववाला

🙏 तेव्हा आमच्या धर्मग्रामातही वाद झाले होते. मी कुणाच्या बाजूने मत दिलं ते इथे लिहीत नाही, पण सविताचं नाव त्या दिवशी माझ्या डोक्यात होतं.

खडूस_आजोबा

हे वाईटच. पण ताई, तो आपला वराडकर मालवणचा, पंतप्रधान झालाच ना? म्हणजे देश वाईट नाही.

दस्तऐवज

काका, देश वाईट आहे असं कुणीच म्हटलेलं नाही. आणि वराडकर कॅथलिकच वाढले. आई आयरिश कॅथलिक, वडील वराडचे. शाळा मात्र प्रोटेस्टंटांची, किंग्ज हॉस्पिटल. मिश्र लग्नाची मुलं कुठे जातात हा वर लिहिलेला प्रश्न एका पिढीत इतका सैल झाला, एवढं त्यातून दिसतं. हिंदू नावाने आणि हिंदू म्हणून कुणी त्या खुर्चीत बसलं तर वेगळी गोष्ट.

चौथा_तास

मी झेडपी शाळेवर शिक्षक आहे. बौद्ध. खडूस आजोबा, जुळवून घ्या हे मी नोकरीच्या पहिल्या दसऱ्याला ऐकलंय, पाटीपूजन आणि सरस्वतीपूजनाच्या वेळी. २८ वं कलम आमच्या स्टाफरूमलाही लागू आहे. पाऊसवेडी ताईंना मागच्या बाकावरून जे दिसतंय ते इथेही बऱ्याच जणांना दिसतं, एवढंच.

खडूस_आजोबा

तो संस्कृतीचा भाग आहे, धर्माचा नाही.

चौथा_तास

आयरिश मुख्याध्यापकही कम्युनियनबद्दल हेच म्हणत असणार.

पाऊसवेडी

हेच म्हणाले! शब्दशः. "इट्स मोअर कल्चरल नाऊ." चौथा_तास, धन्यवाद. दोघांनी इथे थांबूया का? त्यावर वेगळा धागा असेल तर मी येईन.

वॉर्सावासी

पोलंडमधून. इथे १९९० पासून सरकारी शाळांत धर्माचा तास आहे, चर्चने नेमलेले शिक्षक, पगार सरकारचा. पण तो वेगळा विषय आहे, वेळापत्रकात वेगळा. नको असेल तर एथिक्स घ्या किंवा काहीच नको. मोठ्या शहरांत मुलं भराभर सोडतायत. सप्टेंबर २०२५ पासून आठवड्याला दोनाऐवजी एकच तास केला, तोही शक्यतो दिवसाच्या सुरुवातीला किंवा शेवटी, म्हणजे बाकीची मुलं उशिरा येतील किंवा लवकर जातील. बिशप मंडळी खवळली आहेत. आमच्या मुलाला मात्र त्या दिवशी अर्धा तास जास्त झोप.

पाऊसवेडी

हे उत्तम! एक तास टोकाला न्या, प्रश्न मिटला. इथे तेवढंही होत नाही.

केळफूल_कॉर्क

व्यावहारिक माहिती, नव्याने येणाऱ्यांसाठी.

पूर्वी शाळेत जागा कमी असल्या की बाप्तिस्म्याचा दाखला मागायचे. कित्येक आयरिश पालक तेवढ्यासाठी बाळाला चर्चमध्ये नेऊन आणायचे. २०१८ च्या प्रवेश कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांना ते बंद झालं. अल्पसंख्य धर्मांच्या शाळांना आपल्या मुलांना प्राधान्य द्यायची सवलत अजून आहे: प्रोटेस्टंट, मुस्लिम, डब्लिनची एक ज्यू शाळा. हिंदूंची शाळा नाही, आणि माझ्या मते नसावीही. आपण तेहतीस हजार लोक देशभर विखुरलेले, पोरांना तासभर बसने कुठे पाठवणार?

पर्याय दोन: एज्युकेट टुगेदर, ज्यांची पहिली शाळा १९७८ मध्ये डॉकीला पालकांनीच सुरू केली, आणि सरकारी कम्युनिटी नॅशनल स्कूल. दोन्हीकडे सगळ्या धर्मांची ओळख करून देतात आणि कम्युनियनची तयारी शाळेच्या वेळेबाहेर. २०३० पर्यंत अशा ४०० शाळांचं सरकारी उद्दिष्ट आहे. पण चर्चची शाळा हस्तांतरित करायची म्हटली की गावातले पालकच विरोधात उभे राहतात, मिस्साला न जाणारेसुद्धा. शाळेचं नाव बदलेल, नाताळचं नाटक जाईल अशा अफवा उठतात. घर घ्यायच्या आधी शाळांचा नकाशा बघा. आम्ही भाड्याचं घर शाळेपाशी घेतलं आणि ऑफिस लांब पडलं, तो सौदा परवडला.

पाऊसवेडी

अपडेट. खडूफळांची युक्ती लागू पडली. मुख्याध्यापकांना भेटले. लेकीच्या वर्गात मागे बसणारी आणखी तीन मुलं निघाली. ईस्टरनंतर तालमी चर्चमध्येच होतात, त्या वेळात ही चौघं फर्स्ट क्लासच्या छोट्यांना वाचून दाखवायला जाणार. लेक खूश, कारण त्यात बाईपणा करायला मिळतो. लेखी काही दिलं नाही, पुढच्या वर्षी मुख्याध्यापक बदलले तर परत पहिल्यापासून. ते मी तिथेच बोलून आले.

आता वेगळाच प्रश्न. तिला मेमध्ये दोन मैत्रिणींकडे कम्युनियनच्या पार्टीचं बोलावणं आहे. पाकिटात किती घालतात? आणि पांढरा फ्रॉक घालू का विचारतेय.

खडूफळा

वर्गमैत्रिणीला वीस युरो पुरे, कार्डात. जवळच्या नात्यात लोक पन्नास-शंभर घालतात, तिकडे बघू नका. पांढरा नको, तो त्या दिवशी फक्त त्या मुलींचा. परकर-पोलकं घाला, सगळ्या येऊन हात लावून बघतील.

वसईचा_गाववाला

आणि कार्ड दुकानातून नीट बघून घ्या, शेजारच्याच खणात कन्फर्मेशनची (मोठ्या मुलांच्या पुढच्या विधीची) असतात. दिसायला सारखीच.